अंदलूसचे डोंगर, घळी आणि पाटाचे पाणी

गेल्या वर्षी इतिहासाच्या तासाला नववीतल्या एका मुलाने उभे राहून विचारले, "सर, स्पेनवर आपण आठशे वर्षे राज्य केले, हे खरे ना?" मी उत्तर देणार एवढ्यात पलीकडच्या बाकावरून एका मुलीने दुसरा प्रश्न टाकला, "मग तिथे आता आपले काय राहिले आहे?" वर्ग हसला. तास संपला. पण त्या मुलीचा प्रश्न माझ्यापुढून हटला नाही. पहिल्या प्रश्नाचे उत्तर पाठ्यपुस्तकात मिळते. इसवी सन ७११ मध्ये तारिक बिन जियाद समुद्र ओलांडून गेला, १४९२ मध्ये गरनाता म्हणजे ग्रानाडा हातचे गेले, मध्ये ७८१ वर्षे गेली. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र शोधावे लागते.

आपल्या घरांतून अंदलूसचे नाव अपरिचित नाही. अल्लामा इक्बाल १९३३ मध्ये कुर्तुब्याला गेले आणि त्यांनी तेथल्या मशिदीवर लिहिलेली नज्म आपल्याकडच्या मुशायऱ्यांतून आणि वक्तृत्व स्पर्धांतून आजही ऐकू येते. अल्-हम्रा राजवाड्याचे चित्र तर दिनदर्शिकांवरही दिसते. परंतु राजधानीची शहरे म्हणजे देश नव्हे. देश पाहायचा तर डोंगरात, खेड्यात आणि नदीच्या काठी जावे लागते. मी स्वतः स्पेनला गेलेलो नाही. शिक्षकाच्या पगारात तो प्रवास अजून बसलेला नाही. म्हणून पुस्तके आणि एक मोठा नकाशा पुढे घेऊन मी दक्षिण स्पेनच्या डोंगरी गावांची वाट बोटाने चालून पाहिली. त्याच वाटेने आज पालकांना आणि विद्यार्थी मित्रांना घेऊन जावे, असा विचार आहे.

नद्यांची नावे

नकाशा उघडताच पहिली गोष्ट डोळ्यांत भरते ती नद्यांच्या नावांची. सर्वांत मोठी नदी ग्वादलकिव्हिर. हे 'वादी-अल्-कबीर' या नावाचे स्पॅनिश रूप, म्हणजे मोठी नदी. रोंदा गावाखालून वाहणारी ग्वादालेविन ही 'वादी-अल्-लबन', म्हणजे दुधाची नदी, असे सांगतात. 'ग्वाद' किंवा 'ग्वादल' हे अक्षर ज्या नदीच्या नावाआधी दिसेल, तिथे बहुधा 'वादी' हा अरबी शब्द लपलेला असतो. राज्य बदलले, भाषा बदलली, धर्म बदलला, पण नदीला हाक मारायचे नाव लोकांनी बदलले नाही.

हा प्रदेश आहे तरी कसा? दक्षिणेला समुद्र, आणि समुद्रापासून थोडे आत गेले की चुनखडीचे उघडे डोंगर. उन्हाळे कडक आणि कोरडे, पाऊस हिवाळ्यात. नद्यांनी हजारो वर्षे खडक कापून खोल घळी केलेल्या. आपल्या सह्याद्रीतल्या घळी ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना कल्पना येईल. फरक एवढाच की तिथे आपल्यासारखे गर्द जंगल नाही आणि चार महिन्यांचा धो धो पाऊसही नाही. अशा मुलखात गाव कुठे वसणार? शत्रूला चढता येणार नाही अशा कड्यावर. पण कड्यावर वसले की पाणी खाली राहते. सुरक्षितता वर आणि पाणी खाली, हा या सर्व गावांपुढचा एकच प्रश्न होता. त्यांचा सारा इतिहास या एका प्रश्नातून उलगडता येतो.

रोंदा : पाण्यासाठी कोरलेला जिना

मालागा प्रांतातले रोंदा हे गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ७४० मीटर उंचीवर आहे. गावाच्या मधोमध शंभर मीटर खोल घळ, तळाशी ग्वादालेविन नदी, आणि घळीच्या दोन्ही कडांवर अगदी टोकाला टेकलेली पांढरी घरे. आज प्रवासी येतात ते मुख्यतः 'नवा पूल' पाहायला. या नव्या पुलाचे बांधकाम १७५१ मध्ये सुरू झाले आणि १७९३ मध्ये पूर्ण झाले, म्हणजे बेचाळीस वर्षे लागली. त्याची उंची ९८ मीटर आहे. त्याआधी १७३५ मध्ये याच ठिकाणी घाईघाईने एक पूल बांधला होता. तो १७४१ मध्ये कोसळला आणि सुमारे पन्नास माणसे दगावली. घाईचे काम आणि धीराचे काम यांतला फरक विद्यार्थ्यांना सांगायचा असेल, तर याहून चांगले उदाहरण सापडणार नाही.

हा पूल मुस्लिम राजवटीच्या नंतरचा आहे, हे आवर्जून सांगतो. कारण स्पेनमधली प्रत्येक भव्य वस्तू आपल्या खात्यावर मांडण्याची सवय आपल्यापैकी काहींना असते. मुस्लिम काळाची खरी खूण पाहायची तर घळीच्या खाली उतरावे लागते. तिथे नदीकाठी तेराव्या-चौदाव्या शतकातला एक हमाम चांगल्या स्थितीत उभा आहे. थंड, कोमट आणि गरम अशी तीन दालने, आणि छताला ताऱ्याच्या आकाराची झरोके, ज्यांतून प्रकाश आत येतो. शेजारी एक मनोरा आहे. त्यावर रहाट होता आणि तो गाढव फिरवी. रहाटाने उचललेले पाणी लहान पाटाने हमामात जाई. अरबीत रहाटाला 'नाऊरा' म्हणतात, स्पॅनिशमध्ये आजही 'नोरिया' म्हणतात.

दुसरी खूण म्हणजे कड्याच्या पोटात कोरलेला जिना. वरच्या वस्तीपासून थेट नदीच्या पाण्यापर्यंत खडक फोडून सुमारे दोनशे पायऱ्या उतरवलेल्या आहेत. हे काम चौदाव्या शतकातले मानतात. वेढा पडला, दरवाजे बंद झाले, तरी गावाला पाणी मिळावे यासाठी ही गुप्त वाट होती. ज्या घरातून या जिन्याकडे जातात त्याला 'मूर राजाचे घर' म्हणतात. पण घर अठराव्या शतकातले आहे आणि त्यात कोणी मूर राजा कधी राहिलेला नाही. नावावरून इतिहास ठरवू नये, याचा हा एक धडा.

या जिन्याची एक बाजू सांगताना मन जड होते. पाण्याच्या पखाली वर कोण आणत होते? युद्धात पकडलेले ख्रिस्ती कैदी. पखाल पाठीवर घेऊन रात्रंदिवस ते या पायऱ्या चढत. गुलामगिरी त्या काळी दोन्ही बाजूंना होती. ख्रिस्ती राज्यांतही मुस्लिम गुलाम राबत होते. तरी आपल्या पूर्वजांच्या हातून घडलेला जुलूम तो जुलूमच. १४८५ च्या मे महिन्यात राजा फर्डिनंडच्या सैन्याने तोफांनिशी रोंदाला वेढा घातला. पाण्याची वाट तुटली आणि अभेद्य म्हणून नावाजलेला हा कडा थोड्याच दिवसांत पडला. गावाची तहान ज्यांच्या पाठीवर भागत होती, त्यांना ते गाव आपले कधीच वाटले नव्हते. सुटका झालेल्या अशा कैद्यांच्या बेड्या तोलेदो शहरातल्या एका चर्चच्या भिंतीवर आजही टांगलेल्या आहेत.

रोंदाने जगाला माणसेही दिली. अब्बास इब्न फिर्नास हा ९ व्या शतकातला कुर्तुब्याचा विद्वान मूळचा या रोंदा परिसरातला. काच तयार करण्याची रीत त्याने बसवली, आणि अंगाला पिसे व पंख बांधून उडण्याचा प्रयत्न केला, असे सांगतात. थोडे अंतर तो हवेत तरंगला, पण उतरताना पाठीला मार बसला. पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतो हे त्याने ध्यानात घेतले नव्हते, अशी टीपही त्या हकिगतीत आहे. विद्यार्थ्यांनी येथे एक गोष्ट लक्षात ठेवावी. ही हकिगत सविस्तर लिहिणारा इतिहासकार अल्-मक्करी हा सतराव्या शतकातला, म्हणजे सुमारे सातशे वर्षांनंतरचा. त्याने जुन्या लेखकांच्या आधारे लिहिले. म्हणून ती खोटीच असे नव्हे; पण 'जगातला पहिला वैमानिक आपला' असे व्यासपीठावरून ठासून सांगण्याआधी साक्षीदार किती जवळचा आहे हे पाहावे. चंद्रावरच्या एका विवराला त्याचे नाव दिलेले आहे, हे मात्र निःसंशय.

याच गावचा कवी अबुल बका अर-रुंदी (१२०४–१२८५). कुर्तुबा १२३६ मध्ये, बलन्सिया म्हणजे वालेन्सिया १२३८ मध्ये, इश्बिलिया म्हणजे सेव्हिल १२४८ मध्ये गेले. एकेक शहर हातचे जात असताना त्याने लिहिलेला मर्सिया अरबी भाषेत आजही वाचला जातो. आणि याच गावचे सूफी विद्वान इब्न अब्बाद अर-रुंदी (१३३३–१३९०) पुढे मोरोक्कोतल्या फास शहरी कर्वीयीन मशिदीचे इमाम झाले. गावाचे नाव माणसाच्या नावामागे लागून समुद्रापार गेले.

बोबास्त्रो : घळीतले बंड

रोंदाहून ईशान्येकडे गेले की ग्वादालोर्से नदीची गायतानेस नावाची घळ लागते. दोन्ही बाजूंना ताशीव कडे आणि मधली वाट काही ठिकाणी अगदीच अरुंद. कड्याच्या अंगाला चिकटवलेली एक पायवाट येथे प्रसिद्ध आहे. ती १९०५ मध्ये पूर्ण झाली, पुढे मोडकळीस येऊन धोकादायक झाली, आणि दुरुस्तीनंतर २०१५ मध्ये पुन्हा लोकांसाठी उघडली. नदीपासून सुमारे शंभर मीटर उंचीवरून माणूस चालतो.

या घळीजवळच्या डोंगरावर बोबास्त्रो नावाचा किल्ला होता. तेथे उमर बिन हफ्सूनने सुमारे ८८० पासून कुर्तुब्याच्या अमिरांविरुद्ध बंड चालवले. हा उमर कोण? रोंदाच्या मुलखातला, इस्लाम स्वीकारलेल्या स्थानिक घराण्यातला. अशा लोकांना 'मुवल्लद' म्हणत. कागदोपत्री ते इतर मुसलमानांच्या बरोबरीचे. प्रत्यक्षात अरब सरदार त्यांना कमी लेखत आणि करांचा बोजा डोंगरातल्या शेतकऱ्यांवर पडे. या रागावर त्याचे बंड वाढले. ८९९ मध्ये त्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. तो मेल्यानंतर त्याच्या मुलांनी लढा चालवला, आणि ९२८ मध्ये तिसऱ्या अब्दुर्रहमानने किल्ला घेतला तेव्हा बंड मिटले. दुसऱ्याच वर्षी, ९२९ मध्ये, अब्दुर्रहमानने स्वतःला खलिफा जाहीर केले. सुमारे पन्नास वर्षे एका घळीच्या आडोशाला राहून डोंगरी लोकांनी राजधानीला दाद दिली नव्हती.

मला विचाराल तर त्या मुलाच्या पहिल्या प्रश्नातला 'आपण' हा शब्द येथे अडखळतो. अंदलूसमध्ये अरब होते, उत्तर आफ्रिकेचे बर्बर होते, इस्लाम स्वीकारलेले स्पॅनिश होते, अरबी बोलणारे ख्रिस्ती होते, यहुदी होते. जोवर यांना एकमेकांविषयी भरवसा होता तोवर देश उभा राहिला. १०३१ मध्ये खिलाफत मोडली आणि वीस-पंचवीस लहान राज्ये झाली. रोंदासारख्या गावालाही काही वर्षे स्वतःचा अमीर होता. ही राज्ये एकमेकांविरुद्ध लढण्यासाठी शेजारच्या ख्रिस्ती राजांना खंडणी देत. पुढचे सर्व त्यातूनच घडत गेले.

अल्हामा ते ग्रानाडा

पूर्वेकडे आणखी पुढे गेल्यावर घळीच्या काठावर वसलेले अल्हामा हे गाव येते. 'अल्-हम्मा' म्हणजे गरम पाण्याचा झरा. तो झरा आजही वाहतो. मालागा आणि ग्रानाडा यांच्यामधल्या वाटेवरचे हे ठाणे १४८२ च्या फेब्रुवारीअखेर अचानक छाप्यात गेले आणि ग्रानाडाचे शेवटचे युद्ध पेटले. त्याही वेळी राजघराण्यात बाप, मुलगा आणि चुलता अशी तिहेरी भांडणे चालू होती. तीन वर्षांनी रोंदा गेले, १४८७ मध्ये मालागा गेले. १४९१ च्या नोव्हेंबरात तह झाला आणि २ जानेवारी १४९२ रोजी ग्रानाडाच्या किल्ल्याच्या चाव्या देण्यात आल्या.

त्या तहात मुसलमानांचा धर्म, मशिदी, कायदा आणि मालमत्ता यांना धक्का लागणार नाही असे वचन होते. ते फार तर आठ वर्षे टिकले. १४९९ पासून सक्तीची धर्मांतरे सुरू झाली. १५०० च्या सुमारास ग्रानाडाच्या चौकात अरबी ग्रंथांची होळी झाली. वैद्यकावरची पुस्तके तेवढी बाजूला काढून ठेवली होती. जाळणाऱ्यालाही औषधाची गरज होती. यातून शिक्षकाने काय घ्यावे ते उघड आहे. ज्या ज्ञानाची रोजच्या जगण्याला निकड असते, ते वैऱ्यालाही सांभाळावे लागते.

अल्पुहारा : माणसे गेली, पाट राहिले

आता आपल्या वाटेचा शेवटचा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा मुक्काम. ग्रानाडाच्या दक्षिणेला सिएरा नेवादा म्हणजे बर्फाचा डोंगर. त्याचे मुलआसेन हे शिखर सुमारे ३,४८० मीटर उंच आहे. शेवटच्या राजाचा बाप मौलाय अबुल हसन याच्या नावावरून हे नाव पडले. या डोंगराच्या दक्षिण उतारावरचा मुलूख म्हणजे अल्पुहारा. पोकेइरा नदीच्या खोल घळीवर पाम्पानेइरा, बुबियोन आणि कापिलेइरा ही तीन गावे एकावर एक, जिन्याच्या पायऱ्यांसारखी बसलेली आहेत. घरे दगडी, चुन्याने पांढरी, आणि छपरे सपाट. छपरावर 'लाउना' नावाची पाणी न झिरपू देणारी चिकण माती पसरतात. अशीच घरे समुद्रापलीकडे मोरोक्कोच्या अ‍ॅटलास डोंगरातल्या बर्बर गावांत दिसतात.

उन्हाळ्यात पाऊस नसताना या उतारावर शेती कशी पिकते? डोंगराच्या अंगावरून मैलोन्‌मैल नेलेल्या पाटांनी. पाटाला तेथे 'असेकिया' म्हणतात. मूळ अरबी शब्द 'अस्-साकिया', म्हणजे पाणी पाजणारी. आपल्या गझलेतला 'साकी' याच धातूतून आला. काही पाट थेट शेतात जातात. काहींचे काम वेगळेच आहे. वसंतात बर्फ वितळू लागले की ते पाणी उंचावरच्या कच्च्या, मुद्दाम गळक्या ठेवलेल्या पाटांत वळवतात. पाणी वाटेत जमिनीत मुरते आणि काही आठवड्यांनी, काही महिन्यांनी, ऐन उन्हाळ्यात खालच्या गावांच्या झऱ्यांतून वर येते. महाराष्ट्रात आपण 'पाणी अडवा, पाणी जिरवा' म्हणतो, ते या डोंगरातले लोक शेकडो वर्षे करीत आले आहेत. धरण नाही, टाकी नाही. डोंगराचे पोट हीच टाकी.

हे पाणी वाटणे हे एकट्याचे काम नव्हे. कोणाच्या शेताला किती वेळ पाणी, कोणाची पाळी आधी, कोणाची रात्री, हे ठरलेले असते. हंगामाआधी सर्वांनी मिळून पाट उपसायचा असतो. आमच्या कोकणात बागायतीला पाटाचे पाणी पाळीपाळीने घेतात. त्यांना हे समजावून सांगण्याची गरज नाही. पाळी मोडली की भावाभावांत कोयते निघतात, हेही त्यांना ठाऊक आहे.

सक्तीने ख्रिस्ती केलेले मुसलमान, ज्यांना मोरिस्को म्हणत, ते या उतारावर तुतीची झाडे लावून रेशीम काढत. १५६७ मध्ये हुकूम निघाला की अरबी बोलायचे नाही, लिहायचे नाही, जुना पोशाख घालायचा नाही, हमामात जायचे नाही. १५६८ च्या डिसेंबरात अल्पुहारात उठाव झाला. दोन वर्षांहून अधिक काळ युद्ध चालले, दोन्ही बाजूंनी क्रूरता झाली. उठाव मोडत असतानाच, १५७० मध्ये, ग्रानाडाच्या मुलखातून सुमारे ऐंशी हजार माणसे हाकलून ऐन हिवाळ्यात उत्तरेकडे चालवत नेली. कित्येक वाटेतच मेली. १६०९ ते १६१४ या काळात तर साऱ्या स्पेनमधून सुमारे तीन लाख मोरिस्कोंना देशाबाहेर घालवले. ते मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशियात गेले.

अल्पुहाराची घरे रिकामी झाली. तेथे गालिसिया, लेओन यांसारख्या दूरच्या, पावसाळी मुलखांतून ख्रिस्ती कुटुंबे आणून बसवली. पण ती माणसे डोंगर पाहून गोंधळली. पाट कुठून वळतो, पाळी कशी लागते, तुतीचा पाला कधी काढतात, त्यांना काही माहीत नव्हते. तेव्हा जमिनी आणि पाणी यांची मोजणी करणाऱ्या अधिकाऱ्यांना जुन्या मोरिस्कोंनाच साक्षीला बोलवावे लागले. त्यांनी दाखवलेल्या हद्दी आणि पाण्याच्या पाळ्या दप्तरात लिहून घेतल्या गेल्या. नवीन लोकांना शिकवण्यासाठी प्रत्येक गावात दोन मोरिस्को कुटुंबे मागे ठेवली होती, असे अल्पुहारात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. राजाने भाषा बंद केली, पोशाख बंद केला, हमाम बंद केला. पाणी वाटण्याची रीत मात्र त्याला जशीच्या तशी ठेवावी लागली.

विसाव्या शतकात तरुण माणसे शहरांकडे गेली, पाट उपसायला हात उरले नाहीत, कित्येक पाट बुजले. त्याबरोबर खालचे झरे आटू लागले आणि काठची झाडे वाळू लागली. २०१४ पासून ग्रानाडा विद्यापीठाचे संशोधक, गावकरी आणि स्वयंसेवक मिळून हातात फावडी घेऊन ते पाट पुन्हा मोकळे करीत आहेत. म्हाताऱ्या शेतकऱ्यांना विचारून, आठवणीतून, जुन्या वाटा शोधत आहेत.

वारसा कोणाचा?

असेच चित्र वालेन्सियातही आहे. तेथे दर गुरुवारी दुपारी बारा वाजता मोठ्या चर्चच्या दाराशी पाण्याची पंचायत बसते. पाटांवरच्या शेतकऱ्यांनी निवडलेले पंच तंटे ऐकतात, वकील नसतो, निकाल तोंडी आणि तिथल्या तिथे. या पंचायतीला २००९ मध्ये युनेस्कोने मानवजातीच्या वारशाच्या यादीत स्थान दिले. जी भाषा बोलण्याची बंदी झाली तिचे शब्द आजही स्पॅनिश माणसाच्या तोंडी आहेत. नगराध्यक्षाला तो 'अल्काल्दे' म्हणतो, तो मूळचा 'अल्-काझी'. जकातनाक्याला 'आदुआना' म्हणतो, ते मूळचे 'अद्-दिवान'. केशराला 'असाफ्रान', म्हणजे जाफरान. आणि एखादी गोष्ट घडावी असे वाटले की 'ओहाला' म्हणतो. त्यात अल्लाहचेच नाव आहे, हे बहुतेकांच्या ध्यानातही नसते.

पाण्याचे हे शास्त्र पश्चिमेला जसे स्पेनपर्यंत गेले तसे पूर्वेला आपल्या दख्खनपर्यंत आले. जमिनीखालून उताराने पाणी आणण्याची इराणातली रीत दोन्ही टोकांना पोचली. मलिक अंबरने १६१० मध्ये वसवलेल्या खडकी शहराला, म्हणजे नंतरच्या औरंगाबादला आणि आजच्या छत्रपती संभाजीनगरला, अशाच भुयारी नहरीने पाणी आणले. तो स्वतः हबशी देशातून गुलाम म्हणून विकला गेलेला माणूस होता. रोंदाच्या जिन्यावर गुलामांच्या पाठीवरून पाणी चढत होते. येथे एका गुलामीतून वर आलेल्या माणसाने साऱ्या शहराच्या दारात पाणी नेले.

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येतो. 'तिथे आपले काय राहिले?' जे अमिरांच्या तिजोरीत होते ते गेले. जे एका घराण्याच्या तलवारीत होते ते गेले. जे हजार हातांना ठाऊक होते, ज्यात सर्वांची पाळी होती, ते राहिले. आणि ते ज्यांनी सांभाळले ते आपल्या रक्ताचेही नव्हते आणि आपल्या दीनचेही नव्हते. गालिसियाहून आलेल्या त्या शेतकऱ्याने आधी पाण्याची पाळी शिकून घेतली, मग दरवर्षी पाट उपसला, म्हणून वारस तो ठरला. इल्मचा वारसा जन्माने मिळत नाही. तो उपसावा लागतो.

पालकबंधुभगिनींनो, हे मी एवढ्यासाठी लिहीत आहे की आपल्या सभांतून कुर्तुब्याची कीर्ती मोठ्या आवाजात सांगितली जाते आणि त्याच सभेतून घरी गेलेला बाप मुलाला दहावीआधी कामाला लावतो, किंवा मुलीला 'आता पुरे' म्हणतो. दरवर्षी शाळा उघडली की माझ्या वर्गात दोन-तीन बाके रिकामी दिसतात. हजेरीपटावर नाव असते, हाकेला उत्तर येत नाही. गेल्या वर्षी ज्या मुलीने हा प्रश्न विचारला, तिचे बाक यंदा जूनमध्ये पंधरा दिवस रिकामे होते. मी तिच्या घरी गेलो. तिच्या वालिदांशी बोललो. घरची अडचण खरी होती, ती मी येथे सांगत नाही. त्यांना मी अल्-हम्राची गोष्ट सांगितली नाही, पाटाची सांगितली. ते स्वतः बागायतदार आहेत. थोडा वेळ गप्प बसून ते म्हणाले, "मास्तर, एक वर्ष पाट उपसला नाही तर पुढल्या वर्षी दुप्पट गाळ निघतो." सोमवारी मुलगी वर्गात आली.

तिच्या प्रश्नाचे उत्तर मी वर्गात अजून पूर्ण दिलेले नाही. नकाशा भिंतीवर लावला आहे. रोंदा, बोबास्त्रो, अल्हामा, अल्पुहारा या चार ठिकाणी टाचण्या टोचल्या आहेत. प्रत्येक टाचणीवर एकेका गटाने निबंध लिहायचा आहे. अट एकच आहे : जे लिहाल ते कोणी सांगितले, आणि त्याने ते कधी लिहिले, हे शोधून लिहा. अल्पुहाराचा गट तिच्याकडे आहे.